एक जूनच्या आया

दर वर्षी एक जूनला माझ्या फोनला सकाळपासून उसंत नसायची. विमा एजंटला गिऱ्हाइकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे वाढदिवस सांभाळावे लागतात, आणि त्या एका दिवशी आठवणीची घंटी वाजतच राहायची. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाचे वडील, सगळे एक जूनचे. सिंगापूरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर लिन नावाची चिनी मुलगी बसायची. पहिल्या वर्षी हा प्रकार बघून ती चक्रावलीच. "आय्यो आंटी, ऑल युअर ओल्ड पीपल सेम डे बॉर्न? हाऊ कॅन?"

मग मी तिला समजावलं. आमच्याकडे त्या काळी पोरं घरी जन्मायची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली की बाप सांगायचा, "पूर आला होता बघा, त्या साली," नाहीतर, "दिवाळीच्या आदल्या महिन्यात कधीतरी." गुरुजी तरी काय करणार? शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून एक जून ठोकून द्यायचे आणि वर्ष अंदाजाने लिहायचे. लिनला हे इतकं आवडलं की पुढे दर एक जूनला ती मला खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून कॉफी आणून द्यायची, माझ्या सगळ्या आयांच्या नावाने. मलाही ते सगळं गमतीचंच वाटायचं. जगदाळे बाई भेटल्या आणि त्यातली गंमत गेली.

मी मूळची कोल्हापूरची, त्यामुळे गोड बोलणं अंगात नाही, आणि तरी आयुष्यभर विमा विकला. सिंगापूरला आले ती नवऱ्याच्या मागे. तो बंदरात नोकरीला, मी घरात भिंती बघत बसलेली. कंटाळून विम्याची परीक्षा दिली आणि पास झाले. आपल्या लोकांत लग्नकार्याला, गणपतीला गेले की माझ्या शेजारची खुर्ची बराच वेळ रिकामी राहायची. ही बाई आता पर्समधून पॉलिसी काढणार, अशी लोकांना धास्ती. पण भारतातून आईवडील कायमचे आणायची वेळ आली की हीच मंडळी रात्रंदिवस फोन करायची.

बाहेरच्यांना हे नीट कळत नाही, म्हणून सांगते. इथे नोकरी करणारा माणूस आईवडिलांना लांब मुदतीच्या व्हिजिट पासवर आणू शकतो. पण पास म्हणजे राहायची परवानगी, तेवढीच. सरकारी दवाखान्यात नागरिकाला जी सवलत मिळते ती या म्हाताऱ्यांना नाही, सरकारी विमाही नाही. दाखल करायचं म्हटलं की आधी अनामत भरा, मग पलंग. राहिला खाजगी विमा. तो एका वयानंतर नव्या माणसाला दारातही उभं करत नाही, आणि त्या वयाच्या आत असलात तरी जुनी दुखणी वगळतो. बीपी आहे? मग हृदय वगळलं, मेंदू वगळला, किडनी वगळली. उरलं काय, तर पाय मोडला तर पैसे मिळतील. आणि एवढ्यासाठी हप्ता असा की ऐकणारा माझ्याकडे मीच तो खिशात घालणार असल्यासारखा बघायचा.

त्यातून पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांची एक ठरलेली चूक असायची. तिकडे कंपनीच्या पॉलिसीत आईबाबा असतात. म्हणून ते इथेही धरूनच चालायचे. एका महागड्या कॉन्डोत राहणाऱ्या मॅनेजरने वडिलांना आणलं, वर्षभर ठेवलं, आणि ते बाथरूममध्ये घसरून खुबा मोडला तेव्हा एचआरला फोन केला. एचआरच्या मुलीला प्रश्नच कळेना. ती म्हणाली, "बट सर, फादर इज नॉट अवर एम्प्लॉयी." तो माणूस मला हे सांगताना हसत होता, पण चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसत होता. वडिलांना त्याने व्हीलचेअरवरून परत पुण्याला नेलं.

खरं सांगायचं तर या कामात मी निम्म्या वेळा नुसता नकारच विकला. लोकांना वाटतं, एजंट गळ्यात पडतो. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत एजंट तोंड लपवतो.

नितीन जगदाळे सेंबावांगच्या जहाजगोदीत इंजिनियर होता. बायको अपर्णा एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, मुलगी रेवा आठ-नऊ वर्षांची. सेंगकांगला माझ्या समोरच्याच ब्लॉकमध्ये भाड्याने राहत, आणि पुंगोलला पाण्याच्या बाजूला स्वतःचा फ्लॅट घ्यायचा म्हणून वर्षानुवर्षं पैसे साठवत. वडील नितीनच्या लहानपणीच गेलेले. आई कराडजवळच्या गावात एकटी राहायची. मास्तरीण म्हणून निवृत्त झालेली, अख्खं गाव तिला बाई म्हणायचं. त्या वर्षी बाई न्हाणीघरात पडल्या आणि दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा कुठे शेजाऱ्यांना कळलं. नितीन तडक गेला आणि आईला घेऊनच आला.

मग मला बोलावणं आलं. मी गेले तेव्हा बाई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. लहानखुरी, ताठ कण्याची बाई. माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत मटारात डोकं घातलं.

मी वय विचारलं.

"पासपोर्टवर एक जून, शहात्तर पूर्ण," नितीन म्हणाला.

"मग संपलं," मी म्हटलं. "पंचाहत्तरच्या पुढे नवीन माणूस कुणी घेत नाही."

"ताई, ऐका ना. पासपोर्टवरचं वय खोटं आहे. आई खरी त्र्याहत्तरची. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी जन्मलीये, मामाकडे पत्रिका आहे तिची."

बेंदूर म्हणजे आमच्या भागातला बैलांचा सण, आषाढातला. मला माहेरची आठवण झाली, पण मी धंद्याचंच बोलले. "नितीन, कंपनी पत्रिका बघत नाही. तुझ्या आईला कडक मंगळ असला तरी ती हप्ता वाढवणार नाही, आणि गुरू उच्चीचा असला तरी कमी करणार नाही. तिला पासपोर्ट लागतो."

"मग पासपोर्टवरची तारीख बदलून घेतो. मुंबईत वकील आहे ओळखीचा. प्रतिज्ञापत्र करायचं, कोर्टातून..."

"कोण करणार प्रतिज्ञापत्र?" बाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तूच. खरं तेच तर सांगायचंय."

बाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मग जे सांगितलं ते नितीनलाही सगळं ठाऊक नसावं, कारण तोही खुर्ची पुढे ओढून ऐकायला बसला. त्यांच्या घराण्यात मुलीचं लग्न चौदाव्या वर्षी उरकायचे. थोरल्या दोघी बहिणींचं तसंच झालं होतं, आणि त्यातली एक पहिल्या बाळंतपणातच गेली. ही धाकटी हुशार. तेव्हा सातवी झाली की मास्तरकी मिळायची, पण वय सतरा लागायचं. बापाने काय केलं, तर शाळेत नाव घालतानाच गुरुजींच्या पाया पडून तीन वर्षं वाढवून लिहून घेतली. पोरगी चौदाची झाली, घरात स्थळं यायला लागली, आणि कागदावर ती सतरा वर्षांची असल्यामुळे तिची नेमणूकही आली. बापाने भावकीला सांगितलं, सरकारने बोलावलंय, आता मी काय करू?

"त्या तीन वर्षांवर मी नोकरी केली," बाई म्हणाल्या. "तुझे वडील गेले तेव्हा ती नोकरी होती म्हणून तू शिकलास. ती वर्षं मी वापरून बसलेय, नितीन. आता परत कशी मागू?"

"पण आई..."

"पेन्शन कुठल्या तारखेवर खाते मी? त्याच ना? मग कोर्टात उभी राहून सांगू, की ती खोटी होती? सोयीला खोटं आणि सोयीला खरं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

नितीन चिडला, उठून गॅलरीत गेला. मी कागद आवरले. माझ्या जन्मात मी इतकी गिऱ्हाइकं बघितली, साखर लपवणारी, ऑपरेशनचा व्रण लपवणारी, पण स्वतःच्या हक्काची तीन वर्षं नाकारणारी ही एकटीच. मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

जाताना मी नितीनला स्पष्ट सांगितलं की आईला इथे ठेवायचं तर पुंगोलच्या फ्लॅटचे पैसे फ्लॅटचे समजू नकोस, तोच तिचा विमा. हे बाईंसमोरच बोलले. ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्या पाठीमागे बोलू नये, असं मला वाटतं. नितीन म्हणाला, "होईल ते बघू ताई. आई इथे राहणार." बाईंनी मटाराच्या शेंगा परत पुढे ओढल्या.

त्यानंतरचे महिने चांगले गेले, आणि हे मला मुद्दाम लिहायचंय. बाई आणि मी रोज सकाळी ब्लॉकखालच्या वाटेवर फिरायला जायचो. तिथे चिनी आज्या घोळका करून हातपाय हलवायच्या, बाई चौथ्या दिवशी त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण व्यायामात चुकणाऱ्या आजीला बाईच खुणेने दुरुस्त करायच्या. मास्तरीण ती मास्तरीणच. संध्याकाळी रेवाकडून पाढे म्हणून घ्यायच्या. रेवा कंटाळली की इथल्या पोरांसारखं 'लाह'चं शेपूट लावून म्हणायची, "आजी, इनफ लाह!" आणि आजी म्हणायची, "लाह नाही, बेचाळीस." नितीन गोदीतून दमून यायचा आणि आईच्या हातची भाकरी खाऊन तिथेच जमिनीवर आडवा व्हायचा. अपर्णा मला म्हणाली होती, "ताई, लग्नाला बारा वर्षं झाली, हा घरात शीळ घालतो हे मला आत्ता कळलं."

पण माझ्या धंद्याने मला एक गोष्ट शिकवली होती. विमा नसलेल्या घरात म्हाताऱ्यांना काहीच होत नाही. छातीत जळजळलं तर पित्त, चक्कर आली तर ऊन, पाय सुजले तर प्रवास. मुलाने विचारलं की म्हणायचं, मला काय धाड भरलीये! लोकांना वाटतं विम्याने पैसे मिळतात. विम्याने म्हाताऱ्या माणसाला 'दुखतंय' म्हणता येतं. हे मी कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, कारण ज्यांना सांगायला हवं त्यांना विमा मिळणारच नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंनी एकाएकी टुमणं लावलं की बेंदराला गावी जायचं. नितीन म्हणाला, रेवाच्या सुट्टीत सगळेच जाऊ. नाही म्हणाल्या. एकटीच जाते, लवकरचं तिकीट काढ. त्याने काढलं.

जायला दोन-तीन दिवस राहिले असतील. सकाळी फिरताना बाई बाकावर बसल्या. रोज बसत नसत. कपाळावर घाम, आणि सिंगापुरात घाम सगळ्यांनाच येतो, पण हा गार होता. मी हात धरला तेव्हा कळलं.

"पित्त आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, किती दिवस चाललंय हे?"

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. उलट मलाच विचारलं, "वसुधा, विमान मुंबईला उतरल्यावर माणसाला काही झालं, तर ते आपल्याकडच्या खर्चात होतं ना? इथलं बिल नाही ना येत?"

बेंदूर, तिकीट, सगळं एकदम उलगडलं. बाई छातीतली कळ घेऊन, दात आवळून, विमानाची वाट बघत होत्या.

"मी नितीनला सांगते," मी म्हटलं.

बाईंनी माझा हात ओढून स्वतःच्या गळ्याला लावला. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. सांगायचं नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. पोराचं घर व्हायचंय."

लहानपणी आम्ही अशी शपथ घातली की घाबरून जायचो. शपथ मोडली तर जिच्या गळ्याची ती मरते म्हणायचे. मग घालणारीनेच मोठ्याने "सुटली" म्हटलं की जीव भांड्यात पडायचा. दुसऱ्या कुणी म्हणून चालायचं नाही. इतक्या वर्षांनी, सेंगकांगच्या एका बाकावर, मी पन्नाशी उलटलेली बाई तशीच घाबरले.

"सुटली म्हणा, बाई," मी म्हटलं.

"नाही म्हणणार."

मी बरं म्हटलं. त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं. दार बंद झालं आणि मी तिथेच उभं राहून नितीनला फोन लावला.

पुढचं सगळं भराभर झालं. ॲम्ब्युलन्स, अनामत, तपासण्या. हृदयाच्या तीन नळ्या जवळजवळ बंद होत्या. डॉक्टर म्हणाले, विमानात बसल्या असत्या तर उतरल्या नसत्या. बायपास केली, त्यात मधे फुफ्फुसात पाणी झालं, अतिदक्षता विभागातला मुक्काम लांबला. त्या विभागात एकेक दिवस काय भावाने जातो ते मला पाठ होतं, आणि नितीन विचारायचा तेव्हा मी सांगायचे. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. बाई वाचल्या. पुंगोलचा फ्लॅट गेला. नुसता पुढे गेला असं नाही, गेलाच. आणखी वर कर्जही झालं.

बाई वॉर्डात आल्यावर मी भेटायला गेले. त्यांनी मला बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली. मग त्या भिंतीकडे बघतच बोलल्या, "पोराचं घर माझ्या छातीत घातलंस."

"बाई, तुम्ही मेला असता."

"मरायचंच होतं मला. पण माझ्या हिशोबाने, माझ्या गावात. तुला शपथ घातली होती."

बाहेर लिफ्टपाशी अपर्णा भेटली. तिचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, "ताई, तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. पण मला आत्ता काही दिवस तुमच्याशी बोलता येणार नाही. राग मानू नका." मी राग मानला नाही. मला तिचं बोलणं आजही या सगळ्यात सर्वात प्रामाणिक वाटतं.

चालता-फिरता येऊ लागल्यावर बाई गावी गेल्या. आता परत दाखल व्हायची वेळ आली तर काय, हा प्रश्न घरात कुणी उच्चारत नव्हतं, पण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. नितीन सोडून आला. एक भाची सोबतीला राहायला आली. तो परत आल्यावर मला ब्लॉकखाली दिसला, तर म्हणाला, "पासची मुदत वाढवत नाही आता." बस्स, एवढंच. घरातली शीळ बंद झाली असणार. माणूस वाचलं, पण एकत्र राहणं गेलं, आणि एकत्र राहण्यासाठीच तर एवढा खटाटोप होता.

मी नेमकं काय वाचवलं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. बाईंना त्यांचं ठरवू द्यायला हवं होतं का? त्या काही अडाणी नव्हत्या, त्यांना सगळं कळत होतं. चौदाव्या वर्षी बापाने त्यांच्यासाठी ठरवलं, आणि सत्तरी ओलांडल्यावर मी. पण पुन्हा त्या लिफ्टपाशी उभी केलीत तर मी पुन्हा फोन लावीन. एवढं मला माहीत आहे, आणि तरी रात्रीची झोप काही दिवस गेली ती गेलीच.

एक जून आला. घंटी वाजत राहिली, लिनने कॉफी आणली. बाईंचं नाव आल्यावर मी गावाकडे फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेव्हा भाचीने घेतला आणि मागे कुणाशी तरी बोलून म्हणाली, "आत्या झोपल्यात." सकाळी दहाला जगदाळे बाई झोपणाऱ्यातल्या नव्हत्या. मी समजले.

मग जुलै संपत आला असताना एका दुपारी ऑफिसात भारतातला नंबर वाजला.

"वसुधा? जगदाळे बाई बोलतेय." आवाज बारीक झालेला, पण खणखणीत.

मी उभीच राहिले. "बोला ना, बाई."

"काल बेंदूर झाला. आज माझा जन्मदिवस. खरा. आज मी पंचाहत्तर पुरी केली."

मागे गडबड ऐकू येत होती, त्यात रेवाचा आवाज. नितीन सगळ्यांना घेऊन गेला होता. ती विचारत होती, आजी, यू ऑलरेडी सेव्हन्टी-फाइव्ह बिफोर, अगेन हाऊ कम? आणि नितीन हसत होता.

"भाचीने ओवाळलं," बाई म्हणाल्या. "पंचाहत्तर दिवे लावले, मूर्खासारखं तेल घालवलं. तुझ्या कंपनीला सांग, मी कालपर्यंत बसत होते त्यांच्या नियमात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "नितीनने अजून घर घेतलं नाही."

"हो. माहीत आहे."

"ते माझ्या मनातून जायचं नाही. तुझ्याही जाऊ नये." मी हो म्हटलं. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता, सावकाश, नीट चाललेला. "पण आज सकाळी तो जमिनीवर आडवा झाला होता, माझ्यापाशी. शीळ घालत होता. म्हणून फोन केला. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय, बाई."

"सुटली," त्या म्हणाल्या. "शपथ सुटली गं."

आणि फोन ठेवला. लिन माझ्याकडे बघतच राहिली, कारण मी टेबलावर डोकं टेकवून लहान पोरीसारखी रडत होते.